बरोबर अर्धा ग्रॅम

बाईंनी स्पॅच्युलाच्या टोकाने बशीतला एक कण उचलला, वजनकाट्याचं काचेचं दार हलकेच सरकवलं आणि श्वास रोखून आकड्याकडे पाहिलं. ०.५०००. आलं एकदाचं! त्यांनी पेनाचं टोपण काढलं, वही पुढे ओढली, आणि खात्रीसाठी पुन्हा वर पाहिलं तोवर शेवटच्या शून्याचा एक झाला होता. मग दोन. मग जरा दम खाऊन, तीन.

"मेल्या," बाई म्हणाल्या.

पुन्हा दार उघडायचं, पुन्हा कण उचलायचा, पुन्हा दार लावायचं. बारा मिनिटं हेच चाललं होतं. सोमवारपासून खोलीतला एसी बंद होता आणि दुरुस्तीवाला "निघालोच" म्हणत कालचा आख्खा दिवस निघतच होता. खिडक्यांच्या काचांना ओल धरली होती, हातमोज्यांच्या आत बोटं चिकचिकत होती. बाईंनी पंखा बंद करून पाहिला होता, शेजारच्या खोलीतला पंप बंद करायला लावून तिथल्या लोकांचे शिव्याशाप घेतले होते, रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकच्या नावानेही खडे फोडून झाले होते. आकडा आपला मुंगीच्या पावलाने चढतच होता.

समोर सगळे त्यांना बाई म्हणत आणि पाठीमागे चिमटीबाई. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि खरं तर आवडायचंही. बावीस वर्षं त्यांनी असंच मोजलं होतं, चिमटीचिमटीने. अर्धा ग्रॅम म्हणजे बरोबर अर्धा ग्रॅम, दशांशचिन्हापुढे पाच आणि तीन शून्यं. वहीत तो आकडा लिहिताना त्यांना काय समाधान मिळायचं ते घरच्या कुणाला कधी कळलं नाही.

धांदल याच्या अगदी उलट. ही त्यांच्या हाताखालची मुलगी दीड वर्षापूर्वी आली आणि आठवड्याभरात तिला हे नाव पडलं. यायची ती ओल्या केसांनी, एक हात कोटाच्या बाहीत, दुसरा बाहेर. बाटली उघडायची, चमचाभर मीठ बशीत टाकायची, जे पडलं ते पडलं. ०.४८३७. लिहिलं वहीत, ओतलं पाण्यात, झालं. अक्षर असं की शाईत बुडालेलं झुरळ पानावरून गेलं असावं. बाईंनी तिला शंभरदा तरी सांगितलं असेल, अगं, पूर्ण आकडा घे, हिशेब सोपा पडतो, बघणाऱ्यालाही बरं वाटतं. ती "हो बाई" म्हणायची आणि पुढच्या वेळी ०.५२६१.

आता हे सगळं चालून गेलंही असतं. पण दोघींना एकच मीठ स्वतंत्रपणे मोजायचं होतं आणि दोघींचा आकडा जुळल्याशिवाय तो बाहेर पाठवायचा नाही असा प्रयोगशाळेचा नियम होता. सहा आठवडे झाले, आकडा जुळत नव्हता. बाईंचा मोड चौदा पूर्णांक एकला यायचा. तिन्ही वेळा, ठोक्याला ठोका. धांदलचा कधी तेरा पूर्णांक दोन, कधी तेरा पूर्णांक चार, एकदा तर तेरा पूर्णांक एक. म्हणजे स्वतःशीही जुळत नाही आणि बाईंशी तर नाहीच. चूक कुणाची हे विचारायची गरज कुणालाच वाटली नाही, बाईंना तर मुळीच नाही.

सोमवारी त्यांनी तिचा गोपनीय अहवाल भरला होता. तिला कायम करायचं की नाही ते गुरुवारी ठरणार होतं, आणि सगळी मदार त्यांच्या शेऱ्यावर होती. बाईंनी लिहिलं, सुवाच्य अक्षरात: "हुशार, पण निष्काळजी. मोजमाप भरवशाचे नाही." आणि पाकीट बंद करून वरच्या मजल्यावर पाठवून दिलं. त्यात त्यांना आनंद नव्हता. मुलीचे वडील रोज दुपारी फोन करून "झालीस का कायम?" विचारायचे आणि ती "होईन हो बाबा" म्हणत जिन्यात जाऊन बोलायची, हे त्यांना माहीत होतं. पण काम ते काम.

मंगळवारचं मोजमाप संध्याकाळपर्यंत संपलं. बाईंनी आलेखावर बिंदू मांडले, पट्टी लावून दोन रेघा ओढल्या आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथून पेन्सिल खाली आणली. चौदा पूर्णांक सहा.

त्यांनी पट्टी उचलून पुसली, पुन्हा ठेवली. चौदा पूर्णांक सहाच.

---

"मोड म्हणजे काय गं?" रात्री जेवताना सासूबाईंनी विचारलं. नवऱ्याने डोळ्यांनी खुणावलं, कशाला विचारलंस आई, पण आता उशीर झाला होता.

"असं बघा," बाई म्हणाल्या. "हे एक मीठ आहे. मेणासारखं मऊ. याच्या एका रेणूला डोकं असतं आणि लांब शेपटी असते. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला अजिबात आवडत नाही."

"बरं."

"पाण्यात थोडंसं टाकलं की सगळे सुटेसुटे हिंडतात. एक इकडे, एक तिकडे. टाकत गेलात की दाटी होते. आणि एका ठरावीक दाटीला काय होतं, सगळे एकदम गोळे करायला लागतात. शेपट्या आत, डोकी बाहेर. कुणी सांगत नाही त्यांना. आपले आपण."

"म्हणजे साबणच की."

"साबण नाही, आई. साबणासारखं."

"मग साबणच वापरा ना. इतका त्रास कशाला?"

नवऱ्याला ठसका लागला. बाईंनी त्याच्याकडे बघणं टाळलं.

"पाण्यातून वीज किती जाते ते आम्ही मोजतो. सुटे असतात तोवर रेघ एका चढाने वर जाते. गोळे व्हायला लागले की चढ कमी होतो, रेघ वाकते. तो मोड. तो नेमका कुठे येतो तेच शोधायचं आहे, आणि ती मुलगी चुकतेय."

"आज तर तूच म्हणालीस, तुझाही चुकला."

"माझा चुकला नाही. काटा बिघडलाय."

सासूबाईंनी पाण्याचा घोट घेतला. "पोरीला काढणार का मग?"

"मी कुठे काढतेय? तिचं काम काढतंय तिला."

"तेच ते," सासूबाई म्हणाल्या आणि वाटी पुढे सरकवली.

---

बुधवारी सकाळी काटेदुरुस्तीवाला आला. साठीचा, चष्म्याला दोरी, हातात आतून मखमल लावलेली लाकडी पेटी. बाईंनी त्याला उभ्याउभ्याच सगळी कहाणी ऐकवली. आकडा चढतो, पंखा बंद केला तरी चढतो, पंप बंद केला तरी चढतो, तुमच्या कंपनीने गेल्या वर्षी काय दिवे लावले होते दुरुस्तीच्या नावाखाली. तो ऐकत होता आणि पेटीतून चिमट्याने वजनं काढत होता. अर्ध्या ग्रॅमचं चकाकतं वजन त्याने काट्यावर ठेवलं आणि दार लावून हाताची घडी घालून बसला.

०.५०००. एक मिनिट. दोन मिनिटं. पाच. आकडा जागचा हलला नाही.

"बघा," तो म्हणाला.

"पण माझ्या वेळी हलतो ना!"

"मग तुमचं ठेवा."

बाईंनी डेसिकेटरचं, ओल लागू न देणाऱ्या काचेच्या भांड्याचं, जड झाकण सरकवलं, आतली बाटली काढली, बशीत मीठ घेतलं, बाटली ताबडतोब बंद केली. बाटली ताबडतोब बंद करा, अशी चिठ्ठी त्यांनीच कपाटावर लावली होती. हे मीठ पाणी ओढतं हे त्या सगळ्यांना सांगायच्या. बशी काट्यावर ठेवली. आकडा चढायला लागला.

दुरुस्तीवाल्याने चष्मा कपाळावर चढवला, बशीकडे पाहिलं, मग आकड्याकडे.

"बाई, काटा ठणठणीत आहे. तुमचा मालच वजन वाढवतोय."

त्याने पावतीवर सही घेतली, वजनं मखमलीत परत निजवली आणि तो गेला. बाई उभ्याच होत्या. बाटली ताबडतोब बंद. आणि बशी? बशी बारा मिनिटं, पंधरा मिनिटं हवेत उघडी. काट्याच्या पेटीत असली म्हणून काय झालं, तिथली हवाही हवाच. मीठ पाणी पीत होतं, वजन वाढत होतं, आणि वाढलेलं वजन कमी करायला त्या काय काढत होत्या? मीठ. एकेक कण मीठ काढायचं आणि त्याच्या जागी पाणी येऊ द्यायचं. शेवटी बरोबर अर्धा ग्रॅम.

त्या खुर्चीत बसल्या आणि कागद ओढला. मिठाच्या एका रेणूमागे पाण्याचा एक रेणू धरला तर शंभरात सहा. एवढं पाणी पिऊन होईपर्यंत ओढ जोराची, पुढे मंद. म्हणून तर तिन्ही वेळा चौदा पूर्णांक एक, ठोक्याला ठोका. एसी बंद पडला, हवा दमट झाली, तेव्हा अजून पाणी, अजून वरचा आकडा. त्यांनी चौदा पूर्णांक एकमधून पाणी वजा केलं. तेरा पूर्णांक तीन आला. धांदलचे तिन्ही आकडे याच्याच आजूबाजूला होते.

आणि मग त्यांना ते आठवलं. पाचसहा महिन्यांपूर्वी धांदल म्हणाली होती, बाटलीचं बूच फिरवत, पाठमोरी: "बाई, आकडा वर जात राहतो ना, म्हणून मी पटकन उरकते." त्यावर आपण काय म्हणालो तेही त्यांना लख्ख आठवलं. सबबी नकोत, आधी अक्षर सुधार.

"काय पण मूर्ख बाई आहे," बाई मोठ्याने म्हणाल्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. धांदल दोन दिवस वरच्या मजल्यावरच्या खोलीत काम करत होती, तिथला एसी चालू होता म्हणून.

---

वरच्या मजल्यावरचा लिपिक डबा उघडून बसला होता.

"पाकीट परत मिळणार नाही. आवक झालं."

"अहो, मीच दिलं ना ते. माझीच सही आहे त्याच्यावर."

"तुमची सही आहे म्हणूनच. आता दुरुस्तीचा अर्ज द्या. कारणासह."

"कोऱ्या कागदावर चालेल?"

"नमुना आहे." तो उठला, तीन कपाटं उघडली, चौथ्यात नमुना सापडला. कारणासाठी दीड ओळ जागा होती. बाईंनी लिहिलं, "मोजण्याची चुकीची पद्धत माझी होती, त्यांची नाही." लिहिता लिहिता शेवटचे दोन शब्द समासात गेले.

संचालकांनी अर्ज दोनदा वाचला.

"बाई, तुम्ही आणि चूक?" ते हसले. मग हसायचे थांबले. "म्हणजे या जातीच्या मिठांचे दोन वर्षांतले जे आकडे तुमच्या सहीने गेलेत..."

"तीन. ती मुलगी यायच्या आधीचे, जोडीला माझ्याच पद्धतीने मोजणारे होते तेव्हाचे. तिन्ही परत मागवावे लागतील. मी पत्रं लिहिते."

"हं." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे बघा, समितीला मी काय सांगू? सोमवारी निष्काळजी, बुधवारी तीच बरोबर? लोक म्हणतील, बाईंना पोरीची दया आली. असं करू. उद्या अकराला तिला माझ्यासमोर मोजू द्या. तिच्या हाताने, तिच्या पद्धतीने. तेरा आणि काय ते आलं, तर माझी काही हरकत नाही. नाही आलं तर सोमवारचा शेरा कायम."

"येईल," बाई म्हणाल्या.

बाहेर पडून वरच्या खोलीत पाहतात तर धांदल घरी गेली होती. फोन लावला, तो बंद. तिच्या फोनची बॅटरी दिवसाच्या कुठल्याही वेळी संपलेली असायची, आणि आज बाईंना त्याचा जितका संताप आला तितका कधीच आला नव्हता.

---

गुरुवारी बाई लवकर पोचल्या तरी धांदल आधीच हजर होती. साहेबांसमोर मोजायचंय, एवढं लिपिकाने तिला आल्याआल्या सांगितलं होतं. केस कोरडे, घट्ट बांधलेले. कोटाची सगळी बटणं लावलेली. वरच्या खोलीतलं टेबल पुसून ठेवलेलं, आणि त्यावर नवीन वही, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली.

"बाई, तुम्हाला काहीतरी दाखवायचंय." तिच्या आवाजात दोन दिवस दाबून धरलेलं काहीतरी होतं. "जुळलं."

"काय जुळलं?"

"आकडा." तिने वही उघडली. पट्टीने आखलेला समास, एकाखाली एक आकडे, वळणदार अक्षर. "मंगळवारी एकदा केलं, काल दोनदा. चौदा पूर्णांक एक. तिन्ही वेळा. तुमच्यासारखंच केलं बाई, एकेक कण काढून. पंधरा मिनिटं लागतात एका वजनाला, जीव नुसता मेटाकुटीला येतो, पण बरोबर अर्धा ग्रॅम. हे बघा, शून्य, शून्य, शून्य."

बाईंनी वही हातात घेतली. आपलीच वही वाटावी अशी होती.

"आणि तुझे आधीचे?"

"ते खोडले सगळे. लाल शाईने. तुम्ही सांगता तसं, एक रेघ आणि खाली सही." ती जरा हसली. "बाबांना काल सांगितलं, आता होईन म्हणून. मी उगाच तुमच्याशी मनातल्या मनात भांडत होते, बाई. मला वाटायचं काट्याचा आकडा चढतो, त्यात काहीतरी आहे. काही नव्हतं. माझीच घाई."

"अगं, ऐक, काही नव्हतं असं नाही. ते..."

दार उघडलं. संचालक हातात कप घेऊन आत आले, घड्याळाकडे बघत. "चला, सुरू करा. अकरापर्यंत थांबता येत नाही, समिती लवकर भरतेय, मला अर्ध्या तासाने तिथे जायचंय. वजन आणि द्रावण माझ्यासमोर करा, पुढचं यंत्र करेल."

"साहेब, एक मिनिट. मला हिच्याशी बोलायचंय."

"आधी बोललात तर मग त्याला अर्थ काय, बाई? तिचं तिला करू द्या."

धांदलने बाईंकडे पाहून मान हलवली, काळजी करू नका अशा अर्थाने. हातमोजे चढवले, बोटाबोटाने नीट बसवले. बाटली काढली, मीठ घेतलं, बाटली बंद केली. बशी काट्यावर ठेवली. ०.५३१२. तिने स्पॅच्युलाचं टोक बशीत नेलं आणि एक कण उचलला. दार लावलं. वाट पाहिली. दार उघडलं. दुसरा कण उचलला.

"वा," संचालक हळूच म्हणाले. "हिला निष्काळजी म्हणालात?"

बाई मुलीच्या मानेकडे बघत होत्या. मान अशी पुढे काढलेली, श्वास असा रोखलेला, कोपर असं टेबलाला टेकवलेलं, हे सगळं त्यांचं होतं. दीड वर्ष ओरडून ओरडून शिकवलेलं. कधी नव्हे ते पोरीने ऐकलं होतं, आणि ऐकलं ते नेमकं कधी! आकडा खाली यायचा, जरा वर चढायचा, पुन्हा खाली यायचा. तीन मिनिटं झाली. चार.

"थांबा हं साहेब," धांदल पुटपुटली. "अजून एकच कण."

बाई पुढे झाल्या. काट्याचं दार त्यांनी सर्रकन उघडलं, बशी उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"बाई!"

"अहो, हे काय?" संचालकांचा कप टेबलावर आपटला.

"साहेब, ही पद्धत माझी आहे, हिची नाही. तुम्ही हिची बघायला आलात." बाईंचा आवाज चढला होता आणि त्यांना तो खाली आणता येत नव्हता. "नवीन बशी घे. चमचाभर मीठ टाक आणि लिही. पहिल्या दिवशी केलंस तसं."

धांदलचा चेहरा उतरला. डोळे भरून आले. "चेष्टा करताय का बाई? आज?"

"चेष्टा नाही करत. तू बरोबर होतीस. पाच महिन्यांपूर्वी होतीस, तेव्हा मी ऐकलं नाही. रडायचं नंतर. आकडा चढतो, आहे ना लक्षात? का चढतो ते मला काल कळलं, तुला आधीच कळलं होतं. घे बशी. मी सेकंद मोजते. चाळीसच्या आत झालं पाहिजे."

आणि त्या खरंच मोजायला लागल्या, मोठ्याने, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. एक, दोन, तीन. सातला धांदलने नाक बाहीला पुसलं. नऊला बशी घेतली. बूच हातातून निसटलं, टेबलाखाली घरंगळत गेलं, ते तिने तसंच सोडलं आणि तळहाताने बाटलीचं तोंड दाबून धरलं. पंधराला मीठ बशीत पडलं, बशी काट्यावर गेली.

०.५१८३.

तिचा हात आपोआप स्पॅच्युलाकडे गेला. बाईंनी तिचं मनगट धरलं.

"बाई, एकशे त्र्याऐंशी वर आहे..."

"राहू दे. बावीस, तेवीस. लिही."

"असं ओबडधोबड? साहेब बघतायत."

"बघू देत. पंचवीस. लिही गं!"

धांदलने पेन उचललं. तपकिरी कव्हराच्या त्या वहीत, पट्टीने आखलेल्या समासाला ओलांडून, तिने आकडा लिहिला, वेडावाकडा, आणि बशी पाण्यात रिकामी केली.